आपलं पाणी आपण बघायचं नाही

आमच्या घरात देव नव्हते, म्हणून भुतंही नव्हती. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले टाक, परडी, कवड्यांची माळ सगळं एका धडप्यात बांधलं आणि ओढ्याच्या डोहात सोडून दिलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा पोरगे होते आणि काठावर उभे होते. ते सांगायचे, गाठोडं बुडताना वर बुडबुडे आले. बघणाऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. आजोबा म्हणाले, "हवा हाय ती." त्यानंतर काहीच झालं नाही. कुणी आंधळं झालं नाही, शेळी मेली नाही, उलट त्या साली आजी बाळंत होऊन सुखरूप उठली. आमच्या घरात कुणी "असं का झालं" म्हणून विचारलं की आप्पांचं उत्तर ठरलेलं असे, "हवा हाय ती." मी त्या घरात वाढले, विज्ञान शाखेतून पदवी घेतली, घरातली पहिली आणि आमच्या वस्तीतल्या मुलींमध्येही पहिली. हे मी आधीच सांगते आहे, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला अंगारे-धुपारे करणारी बाई समजू नये. मी आजही बुवाबाजीच्या विरोधात शाळेशाळेतून भाषणं देते. फक्त हे एक प्रकरण त्या भाषणात बसत नाही.

आम्ही सिरसाळ्याला राहायचो, आडत बाजाराच्या मागच्या अंगाला. सकाळी जाग यायची ती कोंबड्यानं नाही, कबुतरांनी. बाजारात सांडलेल्या ज्वारीवर शेकड्यांनी कबुतरं उतरायची आणि एखाद्या ट्रकचं फाळकं धाडकन पडलं की सगळी एकदम उठायची, आमच्या पत्र्यावरून सावली सरकत जायची. नंतर लिलावाचा गलका, काट्याच्या साखळ्यांचा आवाज, आणि या सगळ्याच्या खाली दिवसभर चालणारा हमालांचा हुंकार. पोतं पाठीवर घेताना माणूस एक आवाज काढतो. तो शब्द नसतो. त्या सगळ्या आवाजांत आप्पांचा आवाज मला घरात बसून ओळखू यायचा. माय भाकरी थापता थापता तो आला की हात क्षणभर थांबवायची आणि परत थापायची.

आप्पा गफूरचाचांच्या टोळीत होते. गफूरचाचा मुकादम, दाढी मेंदीनं रंगवलेली, तोंडात सदा लवंग. ट्रकला लाकडी फळी लावायची, क्विंटलाचं पोतं पाठीवर घ्यायचं आणि त्या हलत्या फळीवरून वर चढून थप्पी लावायची, असं ते काम. फळीवर पाय लटपटला की माणूस खाली आणि पोतं वर. म्हणून चाचांच्या टोळीत एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या बाजारात पाहिली नाही. कामाला लागायच्या आधी प्रत्येकानं काठोकाठ भरलेला तांब्या तळहातावर ठेवायचा आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढं धरायचा. समोर दुसरा उभा राहून पाणी बघायचा. पाणी थरथरलं, म्हणजे कालचा शीण अजून अंगात आहे. त्या माणसानं त्या दिवशी फळीवर चढायचं नाही, खाली बसून पोत्यांची तोंडं शिवायची. पाणी निवांत राहिलं तर वर. यात वाद नसे. आणि आपलं पाणी आपण बघायचं नाही, मान वळवून दुसरीकडं बघत राहायचं. बघितलं की माणूस हात आवरतो, पाण्याला फसवतो. समोरच्यानं म्हणायचं, "हललं," किंवा म्हणायचं, "निवांत." त्याचा शब्द शेवटचा. याला ते "पाणी धरणं" म्हणत.

मी कॉलेजात वजन उचलायला लागले तेव्हा ही रीत आमच्या अंगणात आली. तालुक्याच्या कॉलेजात आमच्या क्रीडाशिक्षकांनी कुठून तरी एक बार आणि लोखंडी प्लेटा मिळवल्या होत्या. मुलं बार उचलून दंड फुगवून दाखवायची. एकदा मी वर्गातून येताना सहज धरला आणि उचलला. सर म्हणाले, "परत उचल." मी परत उचलला. ते म्हणाले, "घरी कोण काय करतं?" मी म्हणाले, "वडील हमाल आहेत." हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही, त्या दिवशी तर मान ताठ झाली. वस्तीत मात्र बोलणं सुरू झालं. शेजारची पारूमावशी मायला म्हणाली, "गंगू, पोरीला शिकाया धाडली का पोते उचलाया?" माय म्हणाली, "पोते उचलायला बाप हाय की. पोरगी लोखंड उचलती." पारूमावशीला यातला फरक कळला नाही आणि मायनं समजावलाही नाही.

घरी माझं अंग मोडून येई. व्यायामाचं दुखणं लबाड असतं, त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी येतं आणि तिसऱ्या दिवशी जिने उतरू देत नाही. सर सांगायचे की स्नायू वजन उचलताना वाढत नसतो, तेव्हा तो तुटत असतो. वाढतो तो झोपेत आणि विश्रांतीत. म्हणून कधी थांबायचं हे कळलं पाहिजे. त्यासाठी ते आम्हाला उठल्याबरोबर मनगटाची नाडी बघायला लावत, हाताची पकड दाबून बघायला लावत. मी हे आप्पांना सांगितलं. आप्पा हसले. म्हणाले, "एवढ्यासाठी कालिज कावून लागतंय? पानी धर."

मग रोज पहाटे, उजाडता उजाडता, आम्ही बापलेक अंगणात समोरासमोर उभे राहू लागलो. माझ्या हातावर एक पितळी तांब्या, आप्पांच्या हातावर एक. मी लिंबाकडं बघायची, ते बाजाराच्या भिंतीकडं. पण मला त्यांचं पाणी बघायचं असे आणि त्यांना माझं, त्यामुळं आम्ही आळीपाळीनं धरू लागलो. नंतर माय ओरडली, की चूल तापलीय आणि तुमचं पाणी सरत नाही. तेव्हा दोघंही एकदमच धरू लागलो, एकमेकांच्या पाण्याकडं बघत. पाण्यावर उजेडाची एक चकती असते. शीण असला की ती चकती कडेनं थरथरते, उकळी फुटायच्या आधी दूध थरथरतं तशी. "हललं," आप्पा म्हणायचे. "आज लोखंडाला हात लावू नको." मी म्हणायची, "तुमचं निवांत." ते तांब्यातलं पाणी घटाघटा पिऊन पोत्याची खोळ डोक्याला लावून निघायचे. मला वाटतं तेव्हाइतकं मी कुणाकडं नंतर बघितलंच नाही.

काही आठवडे असे गेले, आणि मग माझं पाणी हलायचं थांबलं.

पहिल्यांदा मला आनंदच झाला. मांड्या फुटेस्तोवर बैठका मारून यावं आणि सकाळी अंग पिसासारखं. तांब्यातलं पाणी आरशासारखं, त्यात लिंबाची पानं मोजावीत. कसर नाही, ठणका नाही. सर भार वाढवत गेले, मी उचलत गेले. मायनं केलेलं हुलग्याचं माडगं मला लागू पडलंय असं घरात ठरलं आणि मला वाटीऐवजी गडव्यानं मिळायला लागलं. एक दिवस सरांनी मला बाजूला बोलावलं. दार उघडं ठेवून, हळू आवाजात म्हणाले, "काही गोळ्या घेतेस का? खरं सांग." मी म्हणाले, "सर, आमच्या घरात डोकेदुखीची गोळी अर्धी करून दोघांत घेतात." ते हसले, पण त्यांची नजर माझ्या हातांवरून हलली नाही. म्हणाले, "तुला दुखायला पाहिजे. न दुखणं चांगलं नाही. शीण कुठं तरी जायला पाहिजे ना?" त्यांनी ते सहज म्हटलं. बसमध्ये घरी येताना ते वाक्य माझ्या शेजारच्या सीटवर बसून आलं.

अमावस्येला बाजार बंद असायचा. त्या अमावस्येला आप्पा दिवसभर घरी होते, बाजेवर पडून होते, फार तर शेळीला पाला टाकला असेल. मी मात्र कॉलेजात संध्याकाळपर्यंत खांद्यावर बार घेऊन बसत-उठत होते. दुसऱ्या पहाटे पाणी धरलं. माझं निवांत होतं, आप्पांनी तसं सांगितलं. मी त्यांच्या तांब्याकडं पाहिलं. चकती फुटून गेली होती. पाणी काठावरून ओघळून त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं आणि थेंब थेंब मातीत पडत होतं, आणि ते रीतीप्रमाणं स्वतःच्या हाताकडं न बघता माझ्याच तांब्याकडं बघत होते.

"हललं," मी म्हणाले.

"काय बोलती? काल तर म्या पोत्याला शिवलो बी न्हाई."

"सांडतंय आप्पा."

त्यांनी हाताकडं पाहिलं. मग हात खाली घेतला आणि म्हणाले, "वारं लागलं असंल." वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. माय चुलीपाशी बसून म्हणाली, "काल दिवे लागनीला बी ह्यांच्या हातातून गिलास पडला. नुसता बसल्या बसल्या. आन् उठाया गेले तर गुडघे धरले." मी विचारलं, "दिवेलागणीला?" त्या वेळी मी शेवटच्या बैठका मारत होते, सर मागं उभे राहून मोजत होते.

दोन दिवसांनी मायनं मला आत बोलावलं. ती आप्पांच्या अंगाला करडईचं तेल चोळत होती, रोजच चोळायची. तिला तळहातानं त्यांचं अंग असं पाठ होतं की कुठं काय वजन बसलं हे ती न विचारता सांगे. पोत्याचे घट्टे पाठीवर असतात, मानेच्या मागं, खांद्याच्या मागच्या उंचवट्यावर. ती म्हणाली, "हे बघ गं, हे कशाचं?" गळ्याखाली, समोरच्या बाजूला, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत आडवा निळसर वळ होता. बोटाएवढा रुंद, सरळ, आखल्यासारखा. पोतं तिथं कधीच बसत नाही. तिथं बार बसतो. छातीवर घेऊन वर ढकलायच्या आधी तो बरोबर तिथं टेकतो आणि नवीन माणसाला तिथं वळ उठतोच. मी परसात गेले, कुणी नाही बघून गळ्याची गुंडी काढली आणि खिडकीच्या काचेत पाहिलं. माझा गळा स्वच्छ होता. इतके महिने तो स्वच्छच होता, आणि मला त्याचं नवल कधी वाटलं नव्हतं.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते. मला शिकवलं होतं की वाटणं वेगळं आणि पडताळणं वेगळं. म्हणून मी पडताळून पाहिलं. घरी सरावाला जाते म्हणून सांगून कॉलेजच्या वाचनालयात बसले, बारला हात लावला नाही. दुसऱ्या पहाटे आप्पांचं पाणी निवांत. मग सांगितलं, आज सुट्टी आहे, सराव नाही. आणि गुपचूप सराव केला, फक्त उजव्या हातानं डंबेल उचलून. दुसऱ्या पहाटे आप्पांनी तांब्या उजव्या हातावर घेतला आणि तो धरवेना, म्हणून डाव्यावर घेतला. डाव्यावर पाणी निवांत. ते स्वतःशीच म्हणाले, "रात्री हात अंगाखाली आला वाटतं." मी तांब्या खाली ठेवला. मला पडताळून मिळालं होतं, आणि त्या पहाटेइतकी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नाही. भुताची भीती वाटून घ्यायची सोय असलेल्या घरात मी असते तर बरं झालं असतं. तिथं निदान लिंबू तरी कापता येतं. आमच्या घरात हे कुठं ठेवावं अशी जागाच नव्हती.

मी आप्पांना सगळं सांगितलं. अमावस्या, गिलास, वळ, उजवा हात. ते भाकरी खात होते. शेंगदाण्याची चटणी तेलात कालवता कालवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकल्याली पोरगी तू. असं बोलती?"

"मी बघितलं ते बोलते."

"हवा हाय ती."

"आप्पा, माझ्याकडं बघून सांगा."

त्यांनी बघितलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "मानूस म्हातारा व्हतो. एवढंच हाय त्याच्यात." त्यांचं वय तेव्हा आज माझं आहे त्यापेक्षा कितीतरी कमी होतं.

निवड चाचणी बीडला होती. त्यात आलं तर विद्यापीठाकडून खेळायला मिळणार होतं आणि त्या प्रमाणपत्रावर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जागा, जागेनंतर नोकरी. नाही आलं तर उमापूरचं स्थळ बघून ठेवलेलंच होतं. मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या आईनं मायला विचारलं होतं की पोरगी लोखंड उचलायचं सोडील ना. ही चाचणी सोडून द्यावी असं मनात आलं नाही असं नाही. पण मी सोडली तर आप्पांना कारण काय सांगणार? आणि खरं सांगते, मला ती हवी होती. अडचण दुसरीच होती. माझा सराव संध्याकाळी असायचा, तेव्हा आप्पा जमिनीवर, घरात असत. चाचणी भर दुपारी होती. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात, बाजारात ट्रकांची रांग. मी ज्या घटकेला बीडात माझ्या ताकदीच्या पलीकडचं वजन डोक्यावर ढकलणार, त्या घटकेला आप्पा पाठीवर पोतं घेऊन फळीच्या मधोमध असणार.

मायला म्हटलं, त्यांना एक दिवस खाडा करायला सांग. ती म्हणाली, "हंगामात खाडा? ते म्हनतील चार मानसांवर माझं वझं टाकू का?" बरोबरच होतं. टोळीत एकच कारण चालायचं. पाणी हलल्याचं. आणि सरांनी मला चाचणीआधी आठवडाभर पूर्ण विश्रांती दिली होती.

त्या पहाटे आम्ही अंगणात उभे राहिलो. माझी पिशवी दारात भरून ठेवलेली, तिच्यात मायनं दशम्या बांधलेल्या. कबुतरं अजून उतरली नव्हती. त्या दिवशी आप्पांनी एकट्यानंच हात पुढं केला आणि बाजाराच्या भिंतीकडं बघत उभे राहिले. मी त्यांच्या तांब्याकडं पाहिलं. इतकं निवांत पाणी मी पाहिलं नव्हतं. चकती रुपयासारखी गोल, तिच्यात आभाळाचा एक तुकडा आणि त्यात एक उरलेली चांदणी. आठवड्याच्या माझ्या विश्रांतीनं त्या हातातला सगळा शीण धुऊन काढला होता. तो हात त्या दिवशी दोन पोती उचलू शकला असता.

"हललं," मी म्हणाले.

आप्पांची मान वळली नाही. पण गालाजवळची शीर एकदा उडाली. पंचशीलातलं चौथं शील मी रोज संध्याकाळी विहारात म्हणायची, खोटं न बोलण्याचं. आप्पाच मला ते म्हणायला बसवायचे. त्यांच्या हातावरचं पाणी तसंच निवांत.

"लई हललं?"

"लई."

"बरं," ते म्हणाले. तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायले आणि कोनाड्यातली सुई आणि सुतळीचा गुंडा घेऊन निघून गेले. त्या दिवशी खोळ घेतली नाही.

चाचणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका मोठ्या खोलीत घामाचा आणि चुन्याचा वास. माझ्या गटात शहरातल्या मुली, त्यांच्या पायात वजन उचलायचे बूट. माझ्या पायात कॅनव्हासचे. पहिली दोन वजनं मी उचलली. तिसऱ्याला सरांनी माझ्याकडं बघून भुवया उचलल्या, मी मान हलवली, तेव्हा त्यांनी जो भार सांगितला तो मी सरावात कधी जमिनीवरूनही हलवला नव्हता. मी बार धरला. पुढचं जसंच्या तसं लिहिते. बार वर आला तेव्हा तो मला जड लागला नाही. कुणीतरी तो आधीच उचलून धरलेला आहे आणि मी फक्त हात लावून उभी आहे, असं वाटलं. वर, डोक्यावर, हात सरळ असताना माझ्या कानात एक आवाज आला. खोलीतला नव्हता. तो आवाज मी जन्मापासून घरात बसून ओळखत होते. पण पोतं उचलतानाच्या त्या हुंकाराचं एक शेवटचं टोक असतं, श्वास सुटण्याचं. ते टोक त्यात नव्हतं. पंचांनी हात खाली केला, मी बार सोडला, प्लेटा आदळल्या, मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी सरांना म्हणाले, "मला घरी जायचंय." ते म्हणाले, "अगं, पहिली आलीस तू!"

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. दारात चपला बघून मी आधी मोजल्या. आप्पांच्या होत्या. ते भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे, जणू दुसऱ्या कुणाचे आणून ठेवलेत. माय पुढ्यात बसून त्यांना भाकरी भरवत होती. दुधात कुस्करलेली, लहान मुलाला देतात तशी. धाकटा भाऊ मिलिंद कोपऱ्यात वहीत तोंड घालून बसला होता.

"आली का," आप्पा म्हणाले. "तिसऱ्याला लई जड व्हतं."

मी अजून पिशवीही खाली ठेवली नव्हती. निकाल कुणाला सांगितला नव्हता. तिसऱ्या वजनाचं तर वस्तीतल्या कुणाला माहीतच नसणार, की असं तीनदा उचलतात.

माय त्यांचं तोंड पुसत म्हणाली, "दुपारी शिवता शिवता सुई सुटली हातातनं. मंग हातच वर येईनात. गफूरभाईनं धरून आनलं. म्हनत व्हते, नशीब आज फळीवर न्हवता."

मी आप्पांच्या शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला. तो गरम होता आणि आतून, कातडीच्या खाली, मुंग्यांची रांग चालावी तसा चालत होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि या वेळी नजर चुकवली नाही.

"सकाळी पानी हललं न्हवतं."

"नाही."

"आपलं पानी दिसत न्हाई, पर कळतंय की." मग म्हणाले, "पुन्हा खोटं बोलायचं न्हाई."

"पुन्हा उचलायचंच नाही," मी म्हणाले.

त्यांनी भाकरीसाठी तोंड उघडलं. मला वाटतं तो आमच्या घरातला सर्वांत लांब करार होता.

मी प्रमाणपत्र घेतलं, जागा घेतली, नोकरी घेतली. त्यातलं काहीही मी कुणाच्या उपकारानं घेतलेलं नाही, एका माणसाचं सोडून. पण भार परत उचलला नाही. सर वर्षभर बोलत नव्हते माझ्याशी. लोकांना मी गुडघ्याचं कारण सांगायची. आप्पांच्या समोर तांब्याही परत धरला नाही, आणि त्यांचे हात पावसाळ्यापर्यंत पहिल्यासारखे झाले. ते पुढं कितीतरी वर्षं फळीवर चढले आणि म्हातारे होऊन, अंथरुणात, नीट गेले. मातीला गफूरचाचा आले होते, दाढी पांढरी पडलेली. विहाराच्या पायरीवर माझ्याशेजारी बसले. बोलता बोलता मी त्यांना त्या पहाटांचं सांगितलं, आम्ही बापलेक कसे समोरासमोर पाणी धरायचो ते. चाचा लवंग चघळायचे थांबले.

"समोरासमोर? एकदमच?"

"हो."

"बेटा, टोळीत बाप-लेकानं, भावा-भावानं समोरासमोर पानी धरायचं न्हाई. माझ्या अब्बाच्या वक्तापासून हे हाय. मी सगेवाल्यांना दोन टोकांना उभं करायचो."

"का?"

"का ते अब्बांनी सांगितलं न्हाई. आन् आमी विचारलं न्हाई." मग पायरीवर हात टेकून उठता उठता म्हणाले, "तुझ्या बापाला ठाऊक व्हतं की. नवी मानसं टोळीत आली का त्यांना तोच सांगायचा."

आता मी बीडला असते. मिलिंदची मुलगी प्रज्ञा माझ्याकडं राहून शिकते आणि वजन उचलते. सकाळी पालीच्या रस्त्यानं धरणाकडं पळून येते, संध्याकाळी जिममध्ये जाते. तिच्या मनगटावर एक काळं घड्याळ असतं. ते झोपेत तिची नाडी मोजतं आणि उठल्यावर सांगतं की अंग किती भरून आलं, आज भार घ्यायचा की थांबायचा. मागच्या महिन्यात तिचं अंग सारखं मोडून यायचं, घड्याळ रोज लाल दिसायचं, आणि तिची निवड तोंडावर आली होती. एका पहाटे ती रडवेली होऊन गच्चीत उभी होती. मी आतून दोन तांबे भरून आणले. तिला म्हणाले, "आपले आप्पा करायचे तसलं एक आहे, गंमत म्हणून. हात सरळ धर." आणि तिच्या समोर उभी राहून मीही धरला. तेव्हापासून रोज पहाटे आम्ही धरतो. हे मी न कळून केलं नाही.

काल ती मांड्या तोडून आली होती, जिना चढताना ओरडत होती. आज सकाळी उड्या मारत स्वयंपाकघरात आली आणि मनगट माझ्यासमोर नाचवलं. "आत्या, बघ ना, पूर्ण हिरवं! काल एवढं केलं, आणि हे म्हणतंय शीण नाहीच. बिघडलं वाटतं."

"असेल," मी म्हणाले. "चहा तू गाळून घे."

"का? तू गाळ ना, तुझ्या हातचा चांगला होतो."

मी हात पदराखाली घेतले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. खिडकीबाहेर बिंदुसरा नदीच्या अंगाला कबुतरं उतरत होती. "आज तूच गाळ," मी म्हणाले, "आणि मला कपात नको, वाटीत दे. अर्धीच भर."